चुलीत दाणे सापडले म्हणजे ते शिजवले होते का?

नागपुरात पुरातत्त्वात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: विदर्भातल्या लोहयुगीन वस्तीत चुलीच्या राखेतून भाताचे आणि लाखोळीचे (लाखेच्या डाळीचे) जळके दाणे मिळाले, तर 'हे लोक वरण-भात खात होते' असं प्रबंधात लिहिता येईल का? आणि हजारो-लाखो वर्षांपूर्वीच्या शेकोट्यांत अमुक भाजलं, तमुक शिजवलं अशा बातम्या येतात, ते शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. 'वस्तीवर तांदूळ आणि लाखोळी होती' एवढं निर्धास्त लिहा. 'खात होते' हे बहुधा खरंच असेल, पण त्याला आणखी पुरावा जोडावा लागेल. 'वरण-भात' मात्र खोडून टाका. जळका दाणा शिजण्याबद्दल फारच थोडं बोलतो, आणि जे बोलतो ते ऐकायला वेगळी साधनं लागतात.

दाणा जळून टिकतो कसा, इथून सुरुवात करू. विस्तवात पडलेल्या दाण्याला भरपूर हवा आणि तेज आच मिळाली तर त्याची राख होते. आच पोहोचलीच नाही तर आपल्या हवामानात तो दोन-चार पावसाळ्यांत कुजतो, नाहीतर मुंग्या नेतात. राखेखाली किंवा निखाऱ्यांच्या कडेला, जिथे हवा कमी आणि तापमान साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस, तिथे पडला तरच त्याचा कोळसा होतो. हा कोळसा बुरशी-जिवाणूंच्या कामाचा नसतो, म्हणून तीन हजार वर्षांनीही दाण्याचा आकार, अंकुराची खोबण, कधीकधी सालीची नक्षीसुद्धा शाबूत मिळते.

म्हणजे आपल्या हाती येतं ते तोंडापर्यंत न पोहोचलेलं अन्न. भाजताना उडालेलं, करपलं म्हणून फेकलेलं, पाखडून विस्तवात टाकलेलं. ज्या पदार्थाला कोरडी आच लागते तो या यादीत जास्त दिसतो. पालेभाजी जवळपास कधीच दिसत नाही, कंद क्वचित. जवस आणि तीळ यांची तर पंचाईतच: आतलं तेल तापून बी फुटते आणि ओळखण्याजोगं काही उरत नाही. विदर्भाच्या एखाद्या जुन्या वस्तीत जवस मिळालं नाही म्हणून ते पिकत नव्हतं असं म्हणणं धाडसाचं. मोहफुलाचंही तेच. उलट बोराची आठळी इतकी टणक, की ती बहुतेक उत्खननांच्या यादीत हजर असते. यादी वाचून वाटतं की माणसं बोरांवरच जगत होती.

आता तुमच्या भात-लाखोळीच्या जोडीकडे. ही जोडी एका ताटातली वाटते, आणि गोम तिथेच आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे आजही उभ्या धानाच्या बांधीत, कापणीच्या आधी, ओलीवर लाखोळी फेकतात. धान निघतं आणि मागे लाखोळी वाढते. तिचा पाला आणि काड जनावरांना घालतात, तणस, म्हणजे भाताचा पेंढाही घालतात. जनावराच्या पोटातून काही बिया न पचता बाहेर येतात. शेणाच्या गोवऱ्या होतात, गोवऱ्या थापताना त्यात भुसा मिसळतात, आणि त्या गोवऱ्या चुलीत जातात. आता बघा: एकाच शेतातला भात आणि एकाच शेतातली लाखोळी, दोन्ही चुलीत पोहोचले, आणि माणसाने त्यातलं काहीही शिजवलेलं नाही. प्राचीन काळी अशी उभ्या पिकात पेरणी होत असे असा माझा दावा नाही. हा मार्ग शक्य आहे, आणि तो बाद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, इतकंच.

ही शंका नवी नाही. नाओमी मिलर यांनी १९८०च्या दशकात इराणमधल्या मल्यान इथल्या जळक्या बियांचा अभ्यास करताना मांडलं, की जिथे लाकूड कमी तिथे चुलीतल्या कित्येक बिया जेवणातल्या नसून जळणातल्या, म्हणजे शेणातल्या असू शकतात. त्याआधी बहुतेक जण चुलीतला दाणा सरळ ताटात वाढून मोकळे होत. आपल्याकडे अजूनही होतात.

शेण ओळखायचं कसं? रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म गोल स्फटिक तयार होतात, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर काळी फुली दिसते. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांत ते भरपूर असतात, गाईबैलांच्या शेणात कमी. आम्लधर्मी मातीत विरघळतात, पण आपली काळी माती अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असल्याने टिकण्याची शक्यता चांगली. म्हणून राखेचा एक छोटा नमुना न धुता, कोरडाच, वेगळा ठेवायचा असतो. धुतलात की हा पुरावा गेला.

दुसरी खूण दाण्यांच्या सोबतीची. स्वच्छ तांदूळ आहे, तूस नाही, तणाच्या बिया नाहीत, तर सडून-निवडून चुलीपाशी आणलेलं धान्य असावं. तुसाचे तुकडे, काडाचे पेर, तणाच्या बिया सगळं मिसळलेलं असेल तर मळणीचा केरकचरा किंवा शेण. प्रबंधात फक्त 'तांदूळ: ४२ दाणे' असं लिहून थांबू नका, सोबत काय होतं आणि किती लिटर मातीत होतं, हेही लिहा.

तूस जळून राख झालं तरी पूर्ण जात नाही. गवतवर्गीय वनस्पती मुळांतून सिलिका शोषून पेशींमध्ये साठवतात. पेशी जळते, तिचा काचेचा साचा, म्हणजे फायटोलिथ, मागे राहतो. भाताच्या तुसातले दोन शिंगांचे फायटोलिथ वेगळे ओळखू येतात, पानातले पंख्याच्या आकाराचे वेगळे. म्हणून पांढऱ्या राखेत डोळ्यांना काहीच दिसत नसताना भात आला तो दाणा म्हणून की पेंढा म्हणून, हे सांगता येतं. गोवऱ्यांच्या राखेत काड-पानांचे फायटोलिथ भरमसाट असतात; लाकडाच्या राखेत ते जेमतेम, तिथे कॅल्साइट जास्त.

विदर्भाची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे नाव झालं ते शिलावर्तुळांचं: जुनापाणी, माहुरझरी, खापा. ती दफनं आहेत. तिथे लोखंडी अवजारं, घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळतात, रोजची चूल मिळत नाही. चुलीसाठी वस्तीच खणावी लागते: टाकळघाट, नायकुंड, भागीमोहारी, कुही तालुक्यातलं अडम. त्यातही नायकुंडला सगळ्यांत गाजलेली आग स्वयंपाकाची नाहीच, ती लोखंड गाळण्याची भट्टी आहे. भाजून लाल झालेली माती आणि कोळसा दिसला की आधी लोखंडाचा मळ आणि भात्याच्या नळीचे तुकडे शोधा. नसतील तरच चूल म्हणा.

डेक्कन कॉलेजचे मु. द. काजळे यांनी नायकुंड आणि भागीमोहारीच्या मातीतून भात, जव आणि डाळींचे पुरावे मांडले. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या वनस्पती-अवशेषांवरही त्यांचंच मूलभूत काम आहे. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ उत्खननं झाली. घराघरांतल्या चुली, धान्याची पेवं सगळं उघडं झालं आणि मुख्य पीक जव असल्याचं दिसलं. तुम्ही हे काम वाचलंच पाहिजे. फक्त जुन्या उत्खननांच्या याद्या वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: माती चाळली होती की नुसतं डोळ्यांना दिसलं ते उचललं होतं? हाताने उचललेल्या नमुन्यात वाटाणा येतो, बोर येतं, गव्हाचा दाणा येतो. सावा, कोदो, राळा असली एक-दोन मिलिमीटरची भरड धान्यं येत नाहीत. ती माणसं कोदो खात नव्हती की आपल्या चाळणीतून कोदो गळून गेला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून फ्लोटेशन. तत्त्व सोपं आहे: माती पाण्यात ढवळली की कोळसा तरंगतो, माती बसते. वरचं पाणी ०.२५ ते ०.३ मिलिमीटर जाळीतून ओतून घ्यायचं. एक मोठी बादली, योग्य जाळी आणि भरपूर पाणी असेल तर यंत्र लागत नाही. पण पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी काळ्या मातीत वापराल तर पस्तावाल. रेगूर माती चिकट; ढेकळं फुटत नाहीत आणि फोडायला गेलात तर आतला दाणा आधी फुटतो. रात्रभर पाण्यात भिजू द्या, पाण्यात खायचा सोडा घाला, हाताने चुरू नका. तरंगलेला माल मलमलच्या फडक्यात बांधून सावलीत वाळवा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ठेवलेला कोळसा तासाभरात तडकतो. संध्याकाळी भुकटी गोळा करावी लागते. खाली बसलेला गाळही टाकू नका. जड आठळ्या, माशांची हाडं आणि मण्यांचे तुकडे त्यातच असतात.

काळ्या मातीचा दुसरा दोष जास्त वाईट. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वरचं खाली जातं. उघड्या वस्तीतून न जळलेली बी मिळाली तर ती आजची समजा, कितीही खोल मिळालेली असो. जळलेली बीसुद्धा संशयातीत नाही. शेतात पऱ्हाट्या जाळण्याची आपली सवय जुनी आहे.

चुलीचा नमुना घेताना सरसकट एक पिशवी भरू नका. चूल लहान असेल तर सगळीच्या सगळी माती घ्या, पण चार भाग करून, थर वेगळे ठेवून. तळाचा लाल भाजलेला थर, त्यावरचा कोळसा, त्यावरची पांढरी राख, आणि चूल मोडल्यावर वर पडलेला कचरा. या चौथ्या थरातले दाणे त्या चुलीचे नसतात. चूल निकामी झाल्यावर तो खड्डा उकिरडा होतो. शक्य असेल तर एक सलग ढेकूळ तसंच कापून घ्यायचं. प्रयोगशाळेत त्यात राळ जिरवून ३० मायक्रॉन जाडीचा काप काढतात आणि कुठला कण कुठल्या कणाला टेकून आहे ते पाहतात. दक्षिण आफ्रिकेच्या वंडरवर्क गुहेत दहा लाख वर्षांपूर्वीची आग अशाच कापांवरून मांडली गेली, २०१२ साली. गुहेत खोलवर, जिथे वणवा पोहोचत नाही तिथे, वनस्पतींची राख आणि जळकी हाडं जागच्या जागी दिसली. तिथे आग होती. कुणी काय शिजवलं, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही, आणि मूळ संशोधकांची भाषा बातमीपेक्षा बरीच जपून असते.

मग 'शिजवलं' म्हणायला काय लागतं?

सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे जळलेला पदार्थच, नुसतं धान्य नव्हे. जॉर्डनच्या शुबायका १ या स्थळी सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या शेकोट्यांत काळे चुरे मिळाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली छिद्रं आणि दळलेल्या धान्याचे कण पाहून २०१८मध्ये ते भाकरीसारख्या पदार्थाचे तुकडे ठरले. त्यात रानटी गहूवर्गीय धान्य होतं आणि पाणथळ जागच्या गवताचे कंदही. म्हणजे शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षं आधी. आपल्याकडचे रोडगे आठवा: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचा गोळा पुरायचा, भांडं नाही, तवा नाही. असं जेवण मडक्यात काहीच मागे ठेवत नाही. त्याचा पुरावा असलाच तर राखेत निसटलेला करपलेला कोपरा, आणि तो उत्खननात कोळशाचा तुकडा समजून फेकला जातो. तुमच्या नमुन्यात बिनआकाराचे, छिद्रं-छिद्रं असलेले काळे ढेप दिसले तर ते वेगळ्या डबीत ठेवा. मला विचाराल तर येत्या काळात विदर्भातलं नवं काही निघालं तर ते या डब्यांतून निघेल.

इराकमधली शानिदर आणि ग्रीसमधली फ्रांख्ती या गुहांतल्या अशाच ढेपांवर २०२२मध्ये जेरेन काबुकजू आणि सहकाऱ्यांनी काम केलं. शानिदरमधले जुने तुकडे सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचे, निअँडरथल माणसांच्या काळातले. त्यांत रानटी डाळी होत्या. दाण्यांचे तुकडे पाहून त्या भिजवून, कुटून किंवा भरडून वापरल्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. डाळींच्या सालीतला कडवटपणा भिजवल्याने कमी होतो. तुमच्या लाखोळीशी याचा थेट संबंध आहे. तिच्यातला विषारी घटक, ज्यामुळे सतत आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात, भिजवून आणि उकळून पाणी टाकून दिलं की बराच कमी होतो. तेव्हा चुलीतला लाखोळीचा दाणा अखंड आहे की जळण्याआधीच फुटलेला, हे बघण्यात मोठा अर्थ आहे. जळण्याआधी भरडलेल्या दाण्याची तुटलेली कड विस्तवात फुगते, गोलसर होते. नंतर, उत्खननात किंवा फ्लोटेशनमध्ये तुटलेल्याची कड धारदार राहते आणि आतला सच्छिद्र भाग उघडा दिसतो. साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं. आपल्या विद्यापीठातही करता येईल.

स्टार्चचा पुरावा याहून नाजूक. स्टार्चचा कण ध्रुवीकृत प्रकाशात फुली दाखवतो. पाण्यात ६०-७० अंशांच्या पुढे शिजला की फुगतो आणि फुली हरवते. म्हणजे शिजल्याची खूण म्हणजेच ओळख पुसली जाण्याची सुरुवात. तरी हरियाणातल्या फरमाणा इथे, हडप्पाकालीन भांडी आणि दातांवरच्या किटणातून, अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी हळद, आलं आणि वांग्याचे कण ओळखले आणि 'सर्वांत जुनी करी' म्हणून जगभर गाजावाजा झाला. अर्थात त्या करीत मिरची नव्हती. मिरची अमेरिकेतून आली, सोळाव्या शतकात किंवा नंतर. सावजीवाल्यांनी छाती फुगवायचं कारण नाही. स्टार्चच्या कामात खरी भीती आजच्या पिठाची असते. प्रयोगशाळेतल्या पावडर लावलेल्या हातमोज्यांतून मक्याचा स्टार्च नमुन्यात शिरतो, हे सिद्ध झालेलं आहे. डब्यातल्या पोळीचा हात लागला तर गव्हाचा. जातं किंवा वरवंटा मिळाला तर तो घासूनपुसून फोटो काढण्याची हौस आवरा. न धुता, मातीसकट, नव्या पिशवीत.

मडक्याच्या अंगात मुरलेलं तेल-तूप हा तिसरा मार्ग. खापराची पूड करून त्यातली स्निग्धाम्लं वेगळी करतात, गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखतात, आणि पामिटिक व स्टिअरिक आम्लांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून मांसाची चरबी की दूध हे ठरवतात. ब्रिस्टलच्या रिचर्ड एव्हरशेड यांनी ही पद्धत रुळवली. अक्षयेता सूर्यनारायण यांनी वायव्य भारतातल्या सिंधू संस्कृतीच्या भांड्यांवर ती वापरली, तेव्हा प्राणिज चरबीचं प्राबल्य दिसलं. यावरून कुणी 'ते भाज्या-डाळी खातच नव्हते' म्हणेल तर ते चूक. डाळ-तांदळात स्निग्ध अंश थोडा. त्याच मडक्यात एकदा मांस शिजलं की वनस्पतींची खूण त्याखाली दबते. या तपासणीसाठी खापर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचं. प्लास्टिकमधली रसायनं आणि हाताचं तेल दोन्ही नमुन्यात दिसतात.

कोळशाबद्दल थोडक्यात. लाकडाचा तुकडा आडवा मोडून वाहिन्यांची रचना पाहिली की जात ओळखता येते. सागाची वाढीची वर्तुळं चटकन दिसतात. जळण कुठलं, जंगल कसं होतं, हे त्यातून कळतं. पण कालमापनासाठी सागाचा कोळसा शक्यतो पाठवू नका. खोडाच्या गाभ्याचं लाकूड चूल पेटण्याआधी शंभर-दोनशे वर्षं जुनं असू शकतं, आणि तारीख तेवढी मागे जाते. एका हंगामात पिकलेली बी पाठवावी. आजच्या एएमएस या रेडिओकार्बन मोजण्याच्या पद्धतीला काही मिलिग्रॅम पुरतात.

इथे विद्यार्थी एक पळवाट काढतात: भाताचे दाणे थोडे, बोराच्या आठळ्या पुष्कळ, म्हणून आठळीची तारीख घ्यायची आणि भाताला लावायची. आपल्या भेगाळ जमिनीत हे चालत नाही. दावा भाताचा असेल तर तारीखही भाताचीच हवी. दाणा त्यात जळून संपतो, तेव्हा आधी सगळ्या बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी-जाडी मोजून, शक्य असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा घेऊन मगच पाठवा. ओळखीबद्दल शंका असेल तर लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजात तुलनेसाठीच्या बियांचा संग्रह आहे. फोटोवर विसंबू नका, दाणा घेऊन जा. आणि नमुने अजून घ्यायचे असतील तर उत्खननाचा परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी आताच बोला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची उत्खनन शाखा नागपुरातच आहे. पावसाळ्यात उघड्या खड्ड्यातली चूल एका सरीत वाहून जाते.